डंक्यावर कुटलेलं टर्बियम

मला नवनीत सरांची किळस येते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी माझ्याकडून निःपक्षपातीपणाची अपेक्षा धरायला नको. माणूस दिसायला वाईट नाही. केस नीट विंचरलेले, शर्ट कडक इस्त्रीचा. पण कँटीनमधली भजी खाल्ली की तीच तेलकट बोटं घेऊन ते प्रयोगशाळेत येतात आणि समोर जे असेल त्याला हात लावतात. तराजूला, चिमट्याला, माझ्या खांद्यालाही. "सर, हात धुवा," एवढं साधं वाक्य मला इतक्या वर्षांत एकदाही म्हणता आलं नाही. कारण ते माझे पीएच.डी.चे गाईड, भौतिकशास्त्राचे विभागप्रमुख, आणि मी त्याच विभागात तासिका तत्त्वावर शिकवणारी यामिनी दोधू पाटील. तासिका तत्त्व म्हणजे जेवढे तास शिकवाल तेवढंच मानधन, सुट्टीत काही नाही, आणि पुढच्या वर्षी ठेवतील की नाही ते विभागप्रमुखांच्या मर्जीवर. यंदा विभागात एक कायम जागा भरायची होती. ती मला हवी होती. इतकी हवी होती, की त्या बोटांकडे मी बघणंच सोडून दिलं होतं.

आमचं कॉलेज नंदुरबारात, गावाच्या कडेला. खिडकीतून उन्हात वाळत घातलेल्या मिरचीच्या पथाऱ्या दिसतात, नजर जाईल तिथवर लाल. हंगामात अर्धा वर्ग शिंकत असतो आणि उरलेला अर्धा शिंकण्याचं निमित्त करून बाहेर जातो. मला त्याचं काही वाटत नाही, कारण आमच्या घराची आणि चांदबी चाचीच्या मिरची डंक्याची भिंत एकच आहे. लोखंडी मुसळं धाडधाड खाली पडतात, मिरची कुटली जाते, आणि आमच्या मांडणीवरची भांडी दिवसभर हलत असतात. मुसळं घासली की लोखंडाचा कीस मिरचीत उतरतोच. तो कुठल्याही डंक्यावर उतरतो. म्हणून कुटून झालं की चांदबी चाची मिरची परातीत पसरते आणि तिच्यावरून एक जाडजूड लोहचुंबक फिरवते. चुंबकाला काळी लव फुटते, ती चाची फडक्याने पुसते, परत फिरवते. लव येईनाशी झाली की मगच पिशवी बांधून देते. समोर उभी असलेली बाई न चुकता म्हणते, "चुंबक फिरावजो वं." चाची फिरवणारच असते, तरी बाई म्हणते. आमच्या गावात मिरची कुटून आणायची म्हणजे हे सगळं त्यात आलंच.

आता माझं काम. ते सांगायला लागलं की पाहुणे घड्याळाकडे बघतात, म्हणून थोडक्यात सांगते.

फरशीवर चौकोनी लाद्या बसतात, षटकोनीही बसतात, पण पंचकोनी लाद्या बसवायला गेलं की मध्ये फटी राहतात. म्हणून स्फटिकात पंचकोनी रचना असूच शकत नाही असं लोक पुष्कळ वर्षं मानत आले. मग तशी रचना असलेले धातू सापडले. त्यांच्यात अणू शिस्तीत असतात, पण नक्षी कधीच जशीच्या तशी पुन्हा येत नाही. त्यांना क्वासिक्रिस्टल म्हणतात. माझा क्वासिक्रिस्टल झिंक, मॅग्नेशियम आणि टर्बियमचा. टर्बियम हे दुर्मीळ मृदा गटातलं मूलद्रव्य आणि त्याचा एकेक अणू म्हणजे एक बारका चुंबक. शेजारी-शेजारी असलेल्या दोन अणूंना एकमेकांच्या उलट तोंड करून बसायचं असतं. दोघांचं ठीक आहे. तिसरा आला की घोळ होतो, तीन जावांचा होतो तसा. पहिलीने दुसरीकडे पाठ केली, मग तिसरीने करायची कुणाकडे? एकीशी तरी तिला मनाविरुद्ध जुळवून घ्यावंच लागतं. असे अब्जावधी अणू. ते थंड करत नेले तरी रांगेत येत नाहीत. उणे दोनशे सदुसष्ट अंशांच्या आसपास जो जिकडे तोंड करून असेल तिकडेच गोठून बसतो. याला स्पिन ग्लास म्हणतात.

म्हणजे हा पदार्थ आपल्या खोलीतल्या उष्णतेला चुंबकासारखा वागत नाही. साधं चुंबक जवळ नेलं तर टाचणीसारखा उडी मारत नाही. हे लक्षात असू द्या.

तो वाढवायला मी जीव काढला. तिन्ही धातू बंद नळीत वितळवायचे आणि भट्टी ताशी दोन-दोन अंशांनी उतरवत न्यायची. मध्येच वीज गेली की सगळं मातीमोल. आणि आमच्याकडे वीज जाते, हे काही मी सांगायला नको. तीन वेळा नळीत नुसता गाळ सापडला. चौथ्या वेळी बारा बाजूंचा एक खडा निघाला, टपोऱ्या हरभऱ्याएवढा, प्रत्येक बाजू पंचकोनी, हाताने घडवल्यासारखी. त्याच्याबरोबर मूठभर साधे तुकडेही निघाले. मी त्या दिवशी प्रयोगशाळेचं दार लावून रडले. एक बारका तुकडा घेऊन इंदूरला गेले, कारण इतकी थंडी निर्माण करणारी यंत्रं तिकडे आहेत. तिथे पडद्यावर दोन रेषा काढल्या. एक चुंबकीय क्षेत्र न लावता थंड केल्यावरची, एक लावून थंड केल्यावरची. दोन्ही रेषा खाली येईपर्यंत एकमेकींवर होत्या आणि नेमक्या गोठण्याच्या जागी फाटल्या. जगाला धक्का बसावा असं त्यात काही नव्हतं. पण ते खरं होतं, आणि मी केलेलं होतं.

इंदूरहून परत आले तर विभागाच्या दाराला झेंडूचं तोरण.

"ये, ये यामिनी," नवनीत सर म्हणाले. "तू तिकडे गारठ्यात काय मोजत बसली होतीस? इथं बघ." त्यांनी टेबलावरची काचेची कुपी उचलली आणि तिच्याजवळ चुंबक नेलं. कुपीतली काळसर भुकटी काचेला येऊन चिकटली, काटे उभे राहिल्यासारखी. "खोलीच्या तापमानाला! आहे जगात कुठं? संस्थेचे चेअरमनसाहेब स्वतः बघून गेले. मूल्यांकन समिती यायच्या आत लेख गेला पाहिजे म्हणाले. मी पाठवूनही टाकला. तुझं नाव दुसरं घातलंय."

"सर, माझा खडा कुठंय?"

"हाच की. कुटला. एक्स-रेला भुकटीच लागते ना? तुकडेही त्यातच घातले."

मी त्यांच्या हातातून कुपी घेतली. सर मात्र बोलत होते. आपल्या विभागातला अकीक दगडाचा खल तडकलेला, नवा मागवायचा तर वर्ष जाईल, चेअरमन दारात उभे, वगैरे. मी कुपीचं बूच काढलं आणि मला शिंक आली. मग दुसरी आली. भुकटीला तांबूस झाक होती.

"तांबूस का आहे?" मी विचारलं.

"टर्बियमचं ऑक्साईड तसंच असतं," सर म्हणाले, आणि हे खोटं नव्हतं. शिकलेल्या माणसाचा मला इथेच जास्त राग येतो. त्याला खोट्याला टेकू द्यायला नेमकं एक खरं वाक्य सापडतं.

पण टर्बियमचं ऑक्साईड नाकाला झोंबत नाही. त्या कुपीत मिरची होती. मी त्या वासात वाढलेय, झोपेतही ओळखेन. बारा पंचकोनी बाजू, त्यांच्यावर पडणारी मुसळं, कोपऱ्यात चिकटलेली कुणाच्या तरी कालच्या मिरचीची पूड, आणि हे सगळं एका कुपीत भरून वर त्याला शोध म्हणायचं.

संध्याकाळी चांदबी चाचीला विचारलं. तिला त्यात लपवण्यासारखं काहीच वाटलं नव्हतं.

"तुन्हा सर उनथात ना," ती म्हणाली. "काळा काळा खडा व्हतात. कुटी दे म्हने. बहुत सख्त माल बेटी, मुसळं घासाई गयात. मी परात काढी, चुंबक उचलं, त ते म्हने, राहू द्या, त्यामाथीन काही काढू नका. कॉलेजना मानूस, मी काय बोलू?"

क्वासिक्रिस्टल काचेसारखा ठिसूळ असतो आणि लोखंड घासून काढण्याइतका टणकही. कुपीत उडी मारत होतं ते डंक्याच्या मुसळाचं लोखंड होतं. माझं टर्बियम निमूट पडून होतं, जसं त्याने पडून राहायला हवं तसं.

दुसऱ्या दिवशी सरांना हे सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, भजीचा तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाले, "थोडंफार लोखंड असेलही. म्हणून सगळंच लोखंड आहे असं कशावरून?"

"मोजू या ना. ॲसिडमध्ये विरघळवून—"

"यामिनी," ते म्हणाले, "कायम जागेची मुलाखत या महिन्यात आहे. चेअरमनसाहेबांना तुझं नाव मीच सुचवलंय. रविवारी सत्कार आहे, माझा आणि तुझा. नीट साडी नेसून ये."

आणि त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं. घरी येऊन मी तो ड्रेस दोनदा धुतला, डाग जाईना. शेवटी फरशी पुसायला काढला.

सत्काराला मी गेले, पण शाल घ्यायला नाही. आदल्या दिवशी चांदबी चाचीकडून मिरचीची पूड घेतली होती, चुंबक न फिरवलेली. मुद्दाम तशीच मागितली. चाचीने "कसाले?" म्हणून विचारलं, मी "कॉलेजचं काम आहे" म्हटलं. माझ्या डोक्यात सगळं स्पष्ट होतं. सरांची भुकटी चुंबकाला चिकटते. त्याच डंक्यावरची, चुंबक न फिरवलेली मिरचीही चिकटते. मग चिकटणारं काय आहे हे पहिलीतलं पोरही सांगेल. जागा गेली तर गेली. माझ्या नावावर हा घाणेरडा लेख नको होता, एवढंच मला त्या दिवशी हवं होतं.

सभागृह भरलेलं. पहिल्या रांगेत संस्थेचे संचालक, त्यांच्या मागे त्यांच्या ओळखीचे, त्यांच्या मागे हजेरीच्या धाकाने बसवलेली पोरं. आमचे चेअरमन म्हणजे मोठ्या शेतीवाडीचे, गळ्यात सोन्याची साखळी, बोलताना दर वाक्याला माईकवर फुंकर मारायची सवय. सरांनी कुपीला चुंबक लावून दाखवलं. टाळ्या. मग मी उठले, पांढऱ्या ताटलीत मिरचीपूड ओतली आणि तिच्यावरून चुंबक फिरवलं. मोठ्या पडद्यावर सगळ्यांना दिसलं. चुंबकाला काळी-तांबडी लव फुटली.

"ही साधी मिरची आहे," मी म्हणाले. "सरांची भुकटी जिथे कुटली तिथेच कुटलेली. ही चिकटते ते डंक्याच्या लोखंडामुळे. सरांचीही त्याचमुळे चिकटते. आपण शोध लावलेला नाही. आमचा क्वासिक्रिस्टल चुंबक नाही."

पहिल्या रांगेतले संचालक एकमेकांकडे बघायला लागले. मला वाटलं, संपलं.

चेअरमननी माईकवर फुंकर मारली. "देखा? ह्या पोरनी त आखो मोठा शोध करी टाका! आपली नंदुरबारनी मिरचीमा बी चुंबक शे!"

आणि टाळ्या. पहिल्यापेक्षा जास्त. मागची पोरं शिट्ट्या मारत होती. मी "नाही, नाही, लोखंड," असं ओरडत होते, पण माईक आधीच सरांच्या हातात गेला होता. "हा आमच्या विभागाचा पुढचा प्रकल्प," ते म्हणत होते. कुणीतरी माझ्या खांद्यावर शाल टाकली. तिला आधीच्या कुणाच्या तरी घामाचा आणि डांबरगोळ्यांचा वास होता.

पण सगळ्यांनीच टाळ्या वाजवल्या असं नाही. कुणीतरी माझा व्हिडिओ काढला होता. त्यात "डंक्याच्या लोखंडामुळे" एवढं वाक्य स्वच्छ ऐकू येत होतं. तो फिरायला लागला. आधी नुसता फिरला. मग त्याच्यावर मजकूर चढला: नंदुरबारकरांनो सावधान, अमक्या गल्लीतल्या डंक्यावर मिरचीत लोखंड मिसळतात, कॉलेजच्या मॅडमनी पुराव्यानिशी सिद्ध केलंय. मग कुणीतरी आणखी एक ओळ जोडली, की कोण मिसळतं आणि कुणाला खाऊ घालण्यासाठी, ते डंक्यावरची पाटी वाचली की कळेल. पाटीवर चांदबी चाचीच्या नवऱ्याचं, मेहबूब चाचाचं नाव आहे. त्या ओळीने माझा चेहरा वापरला होता. मी ती वाचली आणि आंघोळ करावीशी वाटली.

मी उत्तरं लिहीत सुटले. मिसळत नाहीत, मुसळं झिजतात, सगळ्याच डंक्यांवर झिजतात, चुंबक फिरवलं की निघतं, मी मुद्दाम न फिरवलेली घेतली होती. दर ग्रुपवर तेच. लोकांनी त्याच्यावर हात जोडल्याची चित्रं पाठवली आणि खाली व्हिडिओ परत टाकला.

आमच्याच घरात, आईच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर तो आला. आई, म्हणजे कमलबाई, चांदबी चाचीबरोबर एकाच ओट्यावर बसून पापड लाटत आलेली. तिने मोबाईल पालथा ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "यंदानी मिरची खांडबाराले धाडी देऊत. तुन्हा मामाकडे डंका शे ना."

"आई, तुला माहितीये ना चाची चुंबक फिरवते ते?"

"माले माहीत शे. पन लोके काय म्हनतीन?"

स्वतःच्या आईची किळस येणं फार वाईट असतं. सर परके असतात, त्यांना शिव्या देता येतात.

शेजारचा आवाज बंद झाला. ऐन मसाल्याच्या दिवसांत आमच्या मांडणीवरची भांडी स्थिर झाली. मेहबूब चाचा डंक्याच्या बंद मोटारीशेजारी खुर्ची टाकून बसायचा, तिच्यावरची धूळ पुसायचा, परत बसायचा. चांदबी चाची मला एक शब्दही लावून बोलली नाही. फक्त एकदा दारात म्हणाली, "बेटी, तू बिगर चुंबकनी मांगी, मी दिन्ही. माले वाटनं कॉलेजनं काम शे." तिने भांडण केलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

अशा वेळी नवनीत सर आमच्या घरी आले. आईने चहा केला. सरांनी चहात बिस्किट बुडवलं, ते कपातच तुटलं, ते त्यांनी बोटाने काढून खाल्लं.

"त्या बाईंचं फार वाईट झालं," ते म्हणाले. "मी विचार केला. आपला विभाग त्यांना प्रमाणपत्र देऊ शकतो. या डंक्यावर कुटलेल्या भुकटीत लोखंड आढळलं नाही, असं. लेटरहेडवर, शिक्क्यासह. पण सही तुझी लागेल. आरोप तू केलास, तो तूच मागे घ्यायला हवा."

मला कळायला वेळ लागला नाही. डंक्याच्या भुकटीत लोखंड नाही, तर सरांच्या कुपीतही नाही. मग त्यांचा शोध खरा. एका सहीत त्यांचा लेख आणि चाचीचा डंका, दोन्ही वाचणार होते.

"लेखाचा संमतीचा कागदही आणलाय," सर म्हणाले. "तोही सोबतच होऊन जाऊ दे. आणि हो, मुलाखत गुरुवारी."

"मी चाचीला विचारून सांगते," मी म्हटलं. खरं सांगायचं तर मला वाटत होतं, की चाची नको म्हणेल. खोटा कागद मला नको, असं काहीतरी बोलेल, आणि मी सुटेन. गरिबाने आपल्यासाठी ताठ उभं राहावं, असं आपल्याला फार वाटत असतं.

चाची तसं काही बोलली नाही. तिने माझे दोन्ही हात धरले. "करी टाक ना बेटी," ती म्हणाली. "एक सहीज त शे. यासनं गोड खानं बंद शे, गोळ्या चालू शेत, रातभर आढ्याकडे देखतस. करी टाक. अल्ला तुन्हं भलं करो." मागे मेहबूब चाचा खुर्चीत होता. त्याने मान वर केली नाही.

मी सह्या केल्या. सरांच्या केबिनमध्ये, दोन्ही कागदांवर. प्रमाणपत्राच्या कोपऱ्यात तेलाचं बोट उमटलेलं होतं, त्याच्याभोवती कागद पारदर्शक झाला होता. मी त्या डागाला हात न लावता, पेन लांबून धरून सही केली, जणू मी तेवढी स्वच्छ राहणार होते. गुरुवारी मुलाखत झाली. मला एकच प्रश्न विचारला, की घरी कोण कोण असतं. मग ऑर्डर आली. आईने ती देवापुढे ठेवली आणि तिला हळदकुंकू वाहिलं. गावाकडून बाबा आले, त्यांनी सगळ्या भाऊबंदांना पेढे वाटले. चांदबी चाचीकडून ईदेला शीरखुर्म्याचा डबा आला. नेहमी येतो त्यापेक्षा मोठा. मी एक चमचा तोंडात घातला आणि मोरीत जाऊन थुंकून आले.

मी स्वतःला सांगत होते की चाचीसाठी केलं. ते सांगायला सोपं जात होतं, कारण भिंतीपलीकडे मुसळं परत पडायला लागली होती. दणादण. भांडी हलत होती. ज्यांनी व्हिडिओ फिरवला होता त्यांनीच आता प्रमाणपत्राचा फोटो फिरवला, आणि व्हिडिओ फिरवताना जेवढा विचार केला होता तेवढाच आताही केला. आईनेही मामाकडची मिरची अर्ध्यात थांबवून उरलेली चाचीकडे आणून टाकली.

एका दुपारी कॉलेजातून येताना मी डंक्यावर डोकावले. गर्दी होती. समोरच्या भिंतीवर माझं प्रमाणपत्र, काचेच्या फ्रेममध्ये, प्लास्टिकच्या फुलांची माळ घातलेलं. चाचीने एका बाईची मिरची परातीत ओतली, चाळणी मारली, पिशवीत भरली, तोंड बांधलं.

मला आधी वाटलं, माझंच काहीतरी बघायचं राहून गेलं. मग दुसरीची झाली. तिचंही तसंच. ओतली, चाळली, बांधली.

"चाची, चुंबक?"

"आते कोनी मांगस नही ना," चाची घाम पुसत म्हणाली. चेहरा उजळलेला. "मीज विचारू, फिरावू का? त म्हनतस, कसाले, कागद टांगेल शे ना! टाईम बी वाचस बेटी. गर्दी देख ना."

चुंबक कोनाड्यात होतं. त्याच्यावर मिरचीच्या रिकाम्या पोत्यांची चळत ठेवली होती. म्हणजे इतके दिवस गाव लोखंड खात होतं, माझ्या सहीने. जे त्या व्हिडिओत खोटं लिहिलं होतं ते आता रोज पिशवीत भरलं जात होतं, आणि ते खरं करणारी मी होते. आमच्या घरातल्या बरणीतही तेच होतं. सकाळी त्याच मिरचीची भाजी मी डब्यात नेली होती.

रांगेत पुढची बाई विसरवाडीकडची होती. बसने आलेली, डोक्यावरचं गाठोडं नुकतंच उतरवलेलं, मानेवर त्याचा वळ. तिची मिरची कुटून परातीत पडली होती. तिने फ्रेमकडे बघितलं, मग माझ्याकडे. प्रमाणपत्रावर नाव होतं, व्हिडिओत चेहरा होता.

"तुम्हीज का त्या मॅडम?" तिने विचारलं. "ही सही तुम्हनी शे?"

"माझीच आहे."

"मंग लोखंड नही ना यामा? घरमा धाकलं पोर शे, म्हनीसन विचारं."

चाचीचे हात थांबले. ती माझ्याकडे बघत होती. तिला माझं उत्तर माहीत होतं, म्हणजे कागदावरचं.

"आहे," मी म्हटलं. "मुसळाचं. थोडं असतं, सगळीकडेच असतं. चुंबक फिरवलं की निघतं. फिरवून घ्या."

"यामिनी," चाची हळूच म्हणाली. नेहमी बेटी म्हणते. मागच्या दोन-तीन बायकांनी माना वळवल्या होत्या.

विसरवाडीच्या बाईच्या कपाळावर आठी आली. ती रागावली नव्हती, तिला फक्त हिशेब लागत नव्हता. "लोखंड शे, त मंग सही कसाले करी तुम्ही?"

चाचीसाठी, हे उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. इतके दिवस ते घोटून ठेवलं होतं. आणि चाची समोर परात धरून उभी होती, घामाने चेहरा लाल झालेला, मला शाप द्यावा की हात जोडावेत हे तिला ठरवता येत नव्हतं. तिच्या तोंडावर ते मला म्हणता येईना.

"नोकरीसाठी," मी म्हणाले. "कायम जागा होती. ती मिळाली."

मी त्या बाईच्या तोंडाकडे बघत राहिले. तिने तोंड वाकडं करावं, निदान मान फिरवावी, असं मला फार वाटत होतं. तिच्या कपाळावरची आठी मात्र निघून गेली. आता तिला सगळं समजलं होतं.

"हां, मंग बराबर शे," ती म्हणाली, आणि तिने रिकामी पिशवी उघडून चाचीपुढे धरली.